ताप, सांधे, गर्भपात अन् सुजलेला पाय: ल्युपसबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात उन्हाने येणाऱ्या चट्ट्यांवर लिहिताना ल्युपसचं नाव एका ओळीत आलं होतं, त्यावर इतकी पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज आले की हा पूर्ण महिना त्यालाच देतेय. नावं काढून टाकलीत, गाव फक्त तालुक्यापुरतं ठेवलंय. आणि रिपोर्टचा फोटो पाठवता तेव्हा पूर्ण पान पाठवत जा बाप्पा, निम्म्या फोटोंत आकड्यावरच अंगठा असतो.

घाटंजी तालुक्यातून एक भाऊ विचारतात: मॅडम, मिसेस २६ वर्षाची आहे. दिवाळीपासून ताप येते-जाते. आधी टायफॉईड सांगतला, मग पेशी (प्लेटलेट) ८५ हजारावर आल्या म्हणून डेंग्यू सांगतला, सलाईन झाल्या. सकाळी हाताची बोटं वळत नाही, चार-पाच सांधे सुजते. कापूस वेचाले गेली का गाल लाल होऊन जळते, केसं मुठीनं निघून राह्यले. आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी) नॉर्मल आला. आता यवतमाळच्या डॉक्टरनं एएनए (आपल्याच पेशींवर उलटलेल्या अँटीबॉडी शोधायची रक्ताची तपासणी) केली ते १:३२० पॉझिटिव्ह, ल्युपस म्हणते. हा ब्लड कॅन्सर आहे का? शेजारीण म्हणते वांग आहे, क्रीम लाव.

कॅन्सर नाही भाऊ, ते आधी डोक्यातून काढा. आपल्या शरीराची जी ताकद जंतूंशी लढायसाठी असते ती यात आपल्याच पेशींवर उलटते, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं असा प्रकार. म्हणून त्रास एका जागी राहत नाही, सांधे, कातडी, रक्त, किडनी, फुफ्फुसाचं आवरण, कुठंही जातो. दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक १५ ते ४५ वयाच्या, म्हणजे घरातली नेमकी कामाची बाई, जिचं दुखणं अंगावर काढलं जातं. आणि तुमच्या पत्रात जे झालंय तेच सगळीकडे होतं: तापाला एक डॉक्टर, सांध्याला दुसरा, गालासाठी मेडिकलवाला, केसांसाठी तेल. कोणाकडेच पूर्ण चित्र नसतं. डेंग्यूत पेशी कमी होतात पण आठ-दहा दिवसांत वर येतात, दिवाळीपासून होळीपर्यंत डेंग्यू राहत नाही.

आता तुमच्या डॉक्टरांनी कशावरून ओळखलं ते सांगते. २०१९ साली युरोप अन् अमेरिकेच्या संधिवात तज्ज्ञांनी मिळून एक गुणपद्धत ठरवली. एएनए निदान १:८० पॉझिटिव्ह असेल तरच पुढे मोजायचं. मग तापाचे २, सांध्यांचे ६, गालावरच्या चट्ट्यांचे ६, पेशी एक लाखाच्या खाली त्याचे ४. केसांचे अन् तोंडातल्या फोडांचेही गुण आहेत पण ते चट्ट्यांच्याच गटात, एका गटातला सगळ्यात मोठा आकडाच धरायचा, म्हणून ते वेगळे जोडायचे नाहीत. मिसेसचे १८ होतात, पाहिजेत १०. ही पद्धत मुळात संशोधनासाठी केलेली आहे अन् प्रत्येक लक्षणाला दुसरं कारण नाही ना हे बघूनच गुण द्यायचे असतात, तरी डॉक्टर बरोबर रस्त्यावर आहेत हे त्यातून दिसतं.

वांगाचं बोलायचं तर वांग तपकिरी असतो, जळत नाही, त्याच्यासोबत ताप येत नाही. ल्युपसचा चट्टा लालसर, दोन्ही गाल अन् नाकाच्या दांडीवर, आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते ती बहुतेक मोकळी सुटते. आरशासमोर उजेडात बसवून बघा, दिसेल. मेडिकलमधून गोरं व्हायची क्रीम आणू नका, तसल्या ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, त्यानं चेहरा आणखीच लाल होऊन बसतो.

पुढच्या तपासण्यांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती लघवी, अन् तीच सगळ्यात स्वस्त आहे. किडनीला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, तरण्या बाईचं बीपी वाढलेलं, एवढंच. लघवीत प्रोटीन निघालं तर ते मोजतात, दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर असलं तर किडनीचा तुकडा काढून तपासावा लागू शकतो, त्याला नाही म्हणू नका, औषध किती जोराचं द्यायचं ते त्यावरून ठरतं. रक्तात डीएस-डीएनए अन् अँटी-स्मिथ (ल्युपसच्या अँटीबॉडी), सी३-सी४ (आजार पेटला की कमी होणारी प्रथिनं), क्रिएटिनिन (किडनीसाठी), आणि फॉस्फोलिपिडच्या अँटीबॉडी. त्या शेवटच्या काहून पाहिजेत ते खाली दोन पत्रांत येतंच आहे.

आपल्या भागासाठी एक जास्तीचं: सिकलची (सिकलसेलची) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. सिकलमध्येही हातपाय दुखतात, रक्त कमी होतं. पण नुसती वाहक निघाली तर 'सिकल आहे म्हणून दुखते' म्हणत ल्युपस बाजूला ठेवू नका, वाहकाला सहसा असा त्रास नसतो.

सिंदेवाहीहून एक मुलगी, बीएस्सी शेवटचं वर्ष: कॉलेजात तपासणीचं पॅकेज स्वस्तात होतं म्हणून केलं. एएनए १:८० वीक पॉझिटिव्ह. मला काहीच त्रास नाही. गुगल बघून झोप उडाली, लग्न जमलंय, सासरी सांगू का?

काय सांगणार? तुला आजार नाहीये. धडधाकट माणसांतही दहात एखाद्याला एवढी एएनए निघते. ही तपासणी लक्षणं असलेल्या माणसाची करायची असते, पॅकेजमध्ये ती घुसडण्यात लॅबचा फायदा सोडून मला दुसरं काही दिसत नाही. एकदा सीबीसी अन् लघवी करून घे, नॉर्मल असेल तर कागद फाईलला लाव अन् परीक्षेचा अभ्यास कर. एएनए परत परत करू नको.

आर्वी तालुक्यातून एक ताई: माझे दोन गर्भ गेले. पहिला तिसऱ्या महिन्यात, दुसरं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच. दुसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यात व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली अन् गुप्तरोग आहे म्हणून सांगितलं. यांची तपासणी निगेटिव्ह. तेव्हापासून सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. मी कुठं तोंड दाखवू?

ताई, तोंड लपवावं असं तुमच्याकडून काहीच झालेलं नाही. व्हीडीआरएल तपासणीत जो पदार्थ वापरतात त्यात कार्डिओलिपिन असतं. काही बायकांच्या रक्तात याच कार्डिओलिपिनविरुद्ध अँटीबॉडी असतात, मग सिफिलिसचा जंतू अंगात नसतानाही तपासणी पॉझिटिव्ह येते. खरं काय ते टीपीएचए नावाच्या दुसऱ्या तपासणीने ठरतं. ती आधी करा. टीपीएचएही पॉझिटिव्ह आली तरी घाबरायचं काम नाही, पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने सिफिलिस बरा होतो, अन् त्यानेही पोटातलं बाळ दगावतं म्हणून तो तपासल्याशिवाय सोडायचा नाही. पण टीपीएचए निगेटिव्ह आली तर तुमचे दोन्ही गर्भ अन् ही व्हीडीआरएल, तिघांचं कारण एकच असू शकतं: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज या डॉक्टरांनी ह्या आजाराची नीट मांडणी केली. यात वारेकडे जाणारं रक्त बिघडतं, गुठळ्या होतात, बाळाला पुरवठा कमी पडतो. दहा आठवड्यांनंतर नीट वाढलेलं बाळ जाणं ही त्याची मोठी खूण. ल्युपससोबत हा येतो, एकटाही येतो.

तपासण्या तीन: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आली की लगेच शिक्का मारायचा नाही, किमान १२ आठवड्यांनी परत करायची. साध्या तापानंतरही या अँटीबॉडी थोडे दिवस वर येतात अन् निघून जातात. पैसे वाचवायला लोक दुसरी तपासणी टाळतात, मग एक तर आजार नसताना वर्षानुवर्षं औषध चालतं, नाहीतर आजार असून कोणी मानत नाही. हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) सुरू व्हायच्या आधीच तपासणीचं रक्त द्या, नाहीतर ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा रिपोर्ट गडबडतो.

आजार पक्का झाला तर पुढच्या वेळी कमी डोसची ॲस्पिरिन, म्हणजे इकोस्प्रिन ७५ सारखी, अन् दिवस राहिल्याचं कळताच हेपरिनची रोज एक सुई पोटाच्या कातडीत. नीट घेतली तर दहापैकी सात-आठ जणींच्या हातात बाळ येतं. सुई घरी टोचता येते, नर्सबाईंकडून नवऱ्याला शिकवून घ्या, एवढं तरी काम त्यांच्याकडे येऊ द्या. बेंबीपासून चार बोटं लांब, कातडीची चिमटी धरून, रोज जागा बदलून टोचायचं, नंतर चोळायचं नाही. भरून आलेल्या सुईत जो हवेचा बुडबुडा दिसतो तो काढायचा नाही, तो तसाच ठेवलेला असतो. अन् आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या घरात काय होतं माहीतच आहे, ही सुई २५ डिग्रीच्या वर ठेवायची नसते, उन्हाळ्यात कुठं ठेवायची ते मेडिकलवाल्याला विचारून घ्या, बर्फाच्या खणात मात्र नको. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे सुई चालू राहते कारण गुठळीचा धोका तेव्हाही असतो.

सासूबाईंचं औषध माझ्याकडे नाही. टीपीएचए निगेटिव्ह आली तर तो कागद यांच्या हातून त्यांना वाचून दाखवा.

वरोरा तालुक्यातून, वय ३४, ट्रॅक्टर चालवतो: डावा पाय आठ दिवसात पोटरीपासून सुजला, लय दुखे. गावात हत्तीपाय म्हणून गोळ्या देल्ल्या. नागपूरला डॉपलर (पायाच्या नसांची सोनोग्राफी) केलं तं रक्ताची गाठ निघाली, तिन्ही अँटीबॉडी दोनदा पॉझिटिव्ह. ॲसिट्रोम (रक्त पातळ करायची गोळी) चालू केली. मंग एका ठिकाणी एपीटीटी केली ते वाढेल आली, ते म्हणे तुझं रक्त आधीच पातळ आहे, गोळी काहाले खातं? म्या महिन्यापासून बंद केली. बरोबर केलं ना?

नाही केलं भाऊ. हे वाचून पान उलटू नका, आजच डॉक्टरांना गाठा अन् गोळी कशी सुरू करायची ते विचारा. स्वतःच्या मनाने जुना डोस चालू करू नका, आधी आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) बघावा लागेल.

या आजाराची गंमत म्हणा की डाव म्हणा, ह्या अँटीबॉडी लॅबच्या नळीत रक्त गोठायला वेळ लावतात, म्हणून एपीटीटी वाढलेली दिसते. शरीरात मात्र त्या उलट गुठळ्या करतात. तुमचं रक्त पातळ नाहीये, तुमचं रक्त गोठायला टपलेलं आहे. कधी कधी पेशीही कमी असतात, तरी गुठळी होतेच. पुढची गुठळी पायातच होईल असंही नाही, ती फुफ्फुसात जाते, मेंदूत होऊन तरण्या माणसाला लकवा मारतो.

हत्तीपायाचं समजू शकते, चंद्रपूर-गडचिरोलीकडे फायलेरिया आहेच, सुजलेला पाय दिसला की पहिलं नाव तेच येतं. पण हत्तीपाय महिन्या-वर्षांनी वाढतो. आठ दिवसांत एकच पाय सुजला, गरम लागतो, पोटरी दाबली की कळ येते, तर आधी डॉपलर. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट मोठा दवाखाना.

गोळीचं असं आहे की आयएनआर २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. २ च्या खाली गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. सुरुवातीला दर आठवड्याला, जमला की महिन्याला तपासायचा. पालेभाजी बंद करा असं कोणी सांगितलं असेल तर तेही ऐकू नका, फक्त प्रमाण सारखं ठेवा. पालक, मेथी, पावसाळ्यातला तरोटा, हिवाळ्यात सांभारवड्या, यांच्यातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर खाली येतो, म्हणून महिनाभर काहीच नाही अन् पाहुणे आले त्या दिवशी परातभर सांभारवड्या असं नको. दारू, मग मोहाची असो की बाटलीतली, बंदच. अंगदुखीला डायक्लोफेनॅक नाही, कमरेत इंजेक्शन नाही, आतमध्ये रक्त साकळतं. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल घेतली तरी आयएनआर चढतो, गावातल्या डॉक्टरला आधीच सांगा की मी ॲसिट्रोमवर आहे. काळी संडास, हिरड्यांतून रक्त, डोक्याला मार, यात थांबायचं नाही.

तुम्हाला कोणीतरी 'तपासणी नको असलेली नवी गोळी' सुचवणारच. रिव्हरॉक्सॅबान घरच्या सोयीची आहे खरी, पण तिन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत तिचा वॉरफॅरिनशी (ॲसिट्रोमच्याच घरातली जुनी गोळी) मुकाबला लावला होता, नव्या गोळीवाल्यांना जास्त गुठळ्या झाल्या म्हणून २०१८ मध्ये तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. तुम्ही त्याच गटात आहात. तुम्हाला जुनी गोळीच, अन् बहुतेक जन्मभर.

दारव्ह्याहून एक आई: मुलीला ल्युपस, वजन ४५ किलो. एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन) अन् स्टेरॉईड चालू. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. नातेवाईक म्हणतात कोरोनाची गोळी आहे, डोळे जातात, गुळवेलीचा काढा दे.

एचसीक्यू मुळात मलेरियाच्या गोळ्यांच्या घरातली, कोरोनात तिचं उगाच नाव झालं अन् २०२० मध्ये ल्युपसच्याच बायकांना मिळेनाशी झाली होती. ल्युपसमध्ये हिच्याइतकं सगळ्या बाजूंनी उपयोगी दुसरं औषध नाही: आजार उलटणं कमी करते, किडनी सांभाळते, गुठळीचा धोकाही घटवते, गरोदरपणातही चालू ठेवायची असते. डोळ्याची भीती पूर्ण खोटी नाही पण ती डोसाची आहे. किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. ४५ किलोला झाले २२५, म्हणजे २०० ची एक गोळी बसते. चिठ्ठीवर ४०० असेल तर डॉक्टरांना वजन सांगून परत विचारा. पहिल्या वर्षात डोळ्याच्या पडद्याची एक तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमजोर असेल तर आधीपासूनच.

स्टेरॉईडचा गोल चेहरा डोस उतरला की उतरतो. हल्ली डॉक्टर प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉईड) ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचाच प्रयत्न करतात, त्यासाठी गरजेप्रमाणे अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट जोडतात (मायकोफेनोलेटवर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, लग्नाची मुलगी असेल तर हे आताच बोलून घ्या). पण महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉईड एका दिवशी बंद केलं तर उलट्या, चक्कर, बीपी पडणं, जिवावर बेतू शकतं.

गुळवेल नको. प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा कोणाला द्यायचा, जिची प्रतिकारशक्तीच घरावर उठली आहे तिला? गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हर सुजल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. अन् जत्रेतल्या 'संधिवाताच्या पुड्या' तर नकोच, एका दिवसात आराम पडतो तो बहुतेक त्यातल्या चोरट्या स्टेरॉईडने.

उन्हाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. वावरात जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चेहऱ्यावर दुपट्टा. सनस्क्रीन परवडत असेल तर उत्तम.

उमरखेडकडून एक काका: पुतणी १९ वर्षाची, ल्युपसच्या गोळ्या सोडून दिल्या होत्या. दोन दिवसांपासून झटके येतात, असंबद्ध बोलते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे.

हे पत्र छापेपर्यंत थांबले नाही, लगेच फोन करायला लावला. बाकीच्यांसाठी लिहिते: ल्युपस मेंदूवर जातो, झटके येतात, माणूस वेड्यासारखं बोलतो. त्याच गोळ्यांमुळे इन्फेक्शनही होतं, म्हणून डॉक्टर आधी मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया नाही ना ते बघतात. दोन्हीत तास मोजायचे असतात. अंगारा लावायचा तर गाडीत बसल्यावर लावा.

पुसदहून: हा आजार जेवणाच्या ताटातून पसरतो का? लेकरांना होतो का?

पसरत नाही. आईला असला म्हणून बहुतेक लेकरांना होत नाही. गरोदर बाईची अँटी-रो (आणखी एका अँटीबॉडीची) तपासणी मात्र करावी, ती पॉझिटिव्ह असेल तर क्वचित, शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, त्यासाठी साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होते. अन् आजार निदान सहा महिने शांत असल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत.

समुद्रपूर तालुक्यातून एक आशाताई: माझ्या गावात एक एपीएसची बाई आहे, एक मूल झालंय. पाळणा लांबवायला तिला माला-डी देऊ की अंतरा?

माला-डी अजिबात नाही, त्यात इस्ट्रोजेन असतं, त्याने गुठळीचा धोका वाढतो. अंतराचं इंजेक्शनही अशा बाईला टाळायला सांगतात. तांबी बसवा, तिला चालते. ती रक्त पातळ करायच्या गोळीवर असेल तर पाळी जास्त जाईल, हे तांबी बसवायच्या आधीच तिला अन् डॉक्टरला सांगा, म्हणजे पहिल्याच महिन्यात घाबरून काढून टाकणार नाही. तोवर निरोध. तिच्या माता-बाल कार्डावर ठळक अक्षरात 'एपीएस' लिहून ठेवा, तुम्ही रजेवर असाल तेव्हा दुसरी कोणी तिच्या हातात माला-डीचं पाकीट ठेवायला नको. नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला ती तपासणीला जाईल तेव्हा व्हीडीआरएलपासूनची सगळी जुनी कागदं तिच्यासोबत द्या.